नेपोलियनला गव्हर्नरने विष घातलं? नाही.

नेपोलियन ज्या सेंट हेलेना बेटावर ब्रिटिशांच्या कैदेत होता, तिथला गव्हर्नर हडसन लो याने नेपोलियनला आर्सेनिक देऊन मारलं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. पुरावा उलटा आहे. लो बेटावर पोचला एप्रिल १८१६ मध्ये आणि त्याच ऑगस्टनंतर दोघांची भेटच झाली नाही. १८२१ च्या शवविच्छेदनात जठराला आरपार भोक पडलेलं आणि ते यकृताने बुजवलेलं दिसलं, म्हणजे जठराचाच आजार. केसांत आर्सेनिक सापडलं खरं. पण २००८ च्या इटालियन तपासणीत ते नेपोलियनच्या लहानपणच्या केसांतही जवळपास तितकंच निघालं.

लो संशयी आणि किरकिरा होताच. कैद्याचा खर्च वर्षाला ८,००० पौंडांवर आणायला निघाला, शेवटी १२,००० वर थांबला. मात्र १८१८ च्या नाताळपासून गुलामांच्या पोटी जन्मणारी मुलं स्वतंत्र ठरली, तीही याच्याच कारकिर्दीत. पुढे सिलोनमध्ये सैन्याचा प्रमुख झाला. तिथलं गव्हर्नरपद काही मिळालं नाही.