‘इंडिया’ लिहिलेली ती गाडी फॉर्म्युला वनची नव्हती

गैरसमज असा: उघड्या चाकांच्या, अंगावर ‘इंडिया’ लिहिलेल्या रेसिंग गाडीचा फोटो म्हणजे देशाच्या फॉर्म्युला वन संघाचा पुरावा.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण लांबून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. पण फोटोतली स्पर्धा बहुधा ए-वन ग्रां प्री असते. ती २००५ ते २००९ चालली आणि तिथे कंपन्या नव्हे, देश एकमेकांशी भिडत. क्रिकेट विश्वचषकासारखंच.

पडताळायचं कसं? आधी शेजारच्या गाड्या पाहा. सगळ्या एकाच साच्यातल्या आणि फरक फक्त रंगांचा असेल, तर ती फॉर्म्युला वन नाही. तिथे प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः घडवतो. मग तारीख पाहा. ए-वनचा शेवटचा हंगाम ऑक्टोबर २००८ मध्ये नेदरलँड्सच्या झांडवूर्टला सुरू झाला, मे २००९ मध्ये इंग्लंडच्या ब्रँड्स हॅचला संपला आणि विजेतेपद आयर्लंडने नेलं. फॉर्म्युला वनचा हंगाम मात्र एका कॅलेंडर वर्षातच आटोपतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या शर्यतीचा फोटो असेल तर तिथेच शंका घ्यावी.

त्या शेवटच्या हंगामाने घोळ आणखी वाढवला. नवी गाडी २००४ च्या एका विजेत्या फॉर्म्युला वन गाडीच्या आराखड्यावर बेतलेली होती. इंजिन मात्र वेगळं: मूळ गाडीत ३ लिटरचं व्ही-टेन (दहा सिलिंडरांचं), हिच्यात ४.५ लिटरचं व्ही-एट (आठ सिलिंडरांचं).

भारतीय मालकीचा संघ त्याच सुमारास फॉर्म्युला वनमध्येही होता, पण ती गोष्ट निराळी.