साइट अर्धी उघडून अडकते? राउटरमधला १४९२ बघा

आमच्या सर्व फायबर ग्राहकांसाठी

"व्हॉट्सअ‍ॅप चालतं, यूट्यूब चालतं, पण एक साइट नुसती गोल गोल फिरत राहते." अशी तक्रार आली की आम्ही आधी विचारतो, राउटर नवीन घेतलाय का? उत्तर बहुधा 'हो' असतं.

फाइल नेटवरून अखंड जात नाही, तुकड्यांनी जाते. तुकडा केवढा, ते टीसीपीची, म्हणजे माल नीट पोचवणाऱ्या पद्धतीची, जोडणी होतानाच ठरतं. पहिल्याच निरोपात तुमचा कॉम्प्युटर सांगतो, 'मला एका वेळी एवढंच पाठवा.' सर्व्हरही आपला आकडा सांगतो. यात घासाघीस नाही. त्याने तुमचा आकडा ओलांडायचा नाही, तुम्ही त्याचा. कोणी काहीच बोललं नाही तर ५३६ बाइट धरायचे, असा जुना नियम.

आता हिशेब. इथरनेटच्या, म्हणजे घरातल्या नेटच्या वायरीच्या, एका पाकिटात १५०० बाइट मावतात. त्यातले २० आयपीच्या हेडरला (पत्ता वगैरे लिहायची जागा), २० टीसीपीच्या. उरले १४६०. कॉम्प्युटर तेवढेच सांगतो, कारण त्याला घरातली वायरच दिसते. पण आमची लाइन युजरनेम-पासवर्डची, म्हणजे पीपीपीओई. ती दर पाकिटात स्वतःचे ८ बाइट घालते. राहिले १४९२, आणि तुमच्या मालाला १४५२.

चांगला राउटर त्या पहिल्या निरोपातले १४६० जाता जाता १४५२ करून टाकतो. नाही केले, तर सर्व्हर मोठं पाकीट पाठवतो आणि ते आमच्या दारात अडतं. 'लहान करा' असा निरोप उलट जातो खरा, पण काही ठिकाणची फायरवॉल, म्हणजे नेटची राखणदार यंत्रणा, तो आतच घेत नाही. सर्व्हर तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. छोटे मेसेज मात्र सुखाने जातात, म्हणूनच हा दोष भल्याभल्यांना चकवतो.

तेव्हा राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, १४९२ ठेवा. '१५०० करा, स्पीड वाढेल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, वाढत नाही. ऑफिसचं व्हीपीएन वापरत असाल तर त्याला आणखी कमी लागतं, पण तो आकडा व्हीपीएनमध्येच टाकायचा.

तरी अडलं तर आमचा माणूस येऊन 'तुकडे करू नको' असं बजावून १४६४ बाइटचा पिंग, म्हणजे जाऊन परत येणारा चाचणीचा निरोप, सोडतो. त्यात हेडरचे २८ मिळवले की १४९२. हा परत आला आणि १४६५ चा अडला, तर लाइन चोख. खोट पुढे शोधायची. तोवर राउटर रीसेट करू नका. युजरनेम पुसला जातो आणि आमची एक खेप वाढते.