गोरिला सांभाळायचा म्हणजे

म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात २०२१ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीहून थाबो आणि डेम्बा हे दोन गोरिला आले. बडोद्याच्या कमाठीबागेतलं आपलं प्राणिसंग्रहालय तर १८७९ पासूनचं, सयाजीराव महाराजांच्या वेळचं. तेव्हा बडोद्यात गोरिला का नाही, असं कुणी विचारलं तर नवल नाही. उत्तर हवं असेल तर गोरिला सांभाळणारी माणसं एकत्र जमतात तेव्हा काय बोलतात ते ऐकावं. अमेरिका-युरोपात अशा परिषदा अधूनमधून भरतात. कीपर, पशुवैद्य, आहारतज्ज्ञ, वंशावळीची नोंद ठेवणारे आणि आफ्रिकेच्या जंगलात काम करणारे असे सगळे तिथे येतात. बाहेरच्याला वाटावं की इथे गोरिलाच्या हुशारीच्या गोष्टी रंगत असतील. प्रत्यक्षात चर्चा होते ती पाला, विष्ठा आणि रक्तदाब यांची.

गोरिलाच्या जाती दोन, पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची, आणि प्रत्येकीच्या दोन-दोन उपजाती. प्राणिसंग्रहालयांतले जवळजवळ सगळे गोरिला पश्चिमेकडच्या सखल प्रदेशातले असतात. टीव्हीवर धुक्यात बसलेला दिसतो तो पर्वतीय गोरिला, तो वेगळा. बंदिवासातला पहिला जन्म २२ डिसेंबर १९५६ चा, अमेरिकेतल्या कोलंबसच्या प्राणिसंग्रहालयातला. कोलो नावाची ती मादी २०१७ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे साठ वर्षं जगली. गोरिलाचं पिल्लू आणणारा अधिकारी त्याचं म्हातारपण बघायला नोकरीत नसतो, एवढं मनाशी धरून पुढे जाऊ.

सगळ्यात जास्त वाद होतो तो ताटावरून. जंगलातला प्रौढ नर दिवसाला पंधरा-वीस किलोपर्यंत पाला, देठ, साल आणि खोडाचा गाभा खातो. हंगामात फळं असतात, जोडीला मुंग्या-वाळवी. त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू हा चोथा आंबवतात आणि त्यातून मेदाम्लं तयार होतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार गोरिलाच्या ऊर्जेपैकी सुमारे ५७ टक्के या मेदाम्लांतून येते. आपण जो भाग ‘पचत नाही’ म्हणून सोडून देतो, त्यावर हे दीडदोनशे किलोचं जनावर उभं असतं.

आणि अशा जनावराला अनेक दशकं दिली गेली ती धान्याच्या पिठाची दाबून केलेली बिस्किटं आणि बाजारातली गोड फळं. कागदावर हा आहार बरोबर होता: प्रथिनं पुरेशी, जीवनसत्त्वं पुरेशी. पण त्यात पिष्ट आणि साखर फार, चोथा कमी, आणि खाणं काही मिनिटांत उरकतं. उरलेल्या दिवसात गोरिला एक विचित्र गोष्ट करू लागतात. पुढे वाकून खाल्लेलं हातावर किंवा फरशीवर काढतात आणि पुन्हा खातात, तेही दिवसातून कितीदा तरी. ही आजारपणातली उलटी नव्हे. जंगलातल्या गोरिलांत हे दिसत नाही. दूध आणि गोड पदार्थांनंतर हा प्रकार वाढतो असं लक्षात आल्यावर अनेक ठिकाणी दूध बंद झालं.

ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयाने २००९ मध्ये दोन मोठ्या नरांची बिस्किटं पूर्ण काढून टाकली. त्यांच्या जागी प्रत्येकाला रोज साडेचार किलोच्या आसपास भाजीपाला सुरू केला: लेट्यूस, एंडाइव्ह, डँडेलियनची पानं, लसूणघास, हिरव्या शेंगा, मूठभर जवस. जीवनसत्त्वाच्या गोळ्या तेवढ्या अर्ध्या केळ्यात दडवून. पोटात जाणारे उष्मांक वाढले, जवळजवळ दुप्पट झाले, आणि तरी वर्षभरात दोघांचंही वजन प्रत्येकी तीसेक किलोंनी उतरलं. दिवसाचा निम्माअधिक वेळ खाण्यात जाऊ लागला. ओकून खाणं थांबलं.

हे ताट खंडेराव मार्केटातून भरता येईल का? मेथी, तांदळजा, कोबीची बाहेरची पानं, गवार, दुधी, सगळं मिळेल. आपल्याकडे रजको म्हणून विकतात तो लसूणघासच. पालक बेताने, कारण त्यात ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्यात सापडणारं द्रव्य, जास्त. पण नुसत्या भाजीवर भागत नाही. भाजी ही माणसाने मऊ आणि कमी तंतूची करत आणलेली वनस्पती, म्हणून सालीसकट फांद्या रोज लागतातच. वड, उंबर, पिंपळ, तुती, जास्वंद, बांबू, केळीचा सोट यांपैकी काही ना काही बारा महिने मिळू शकतं. धोका आहे तो छाटणी करणाऱ्याच्या अज्ञानाचा. रस्त्याच्या दुभाजकांवर सर्रास कण्हेर असते आणि तिच्यातली ग्लायकोसाइडं नावाची विषारी द्रव्यं थेट हृदयाची लय बिघडवतात. म्हणून फुकट आलेली ट्रकभर छाटणी नाकारावी लागते. तीत काय मिसळलंय आणि त्यावर काय फवारलंय, हे सांगणारा कुणी नसतो.

पाला किती खाल्ला हे मोजतानाही हमखास चूक होते. सकाळी पाच किलोची जुडी बांधली, संध्याकाळी तीन किलो उरली, म्हणजे दोन किलो खाल्ली असं लिहून टाकतात. पण बडोद्याच्या मे महिन्यात पाला नुसत्या उन्हानेच हलका होतो. त्यासाठी त्याच झाडाची तेवढ्याच वजनाची दुसरी जुडी जनावराच्या हाताला लागणार नाही अशी, पण तशाच उन्हात टांगायची. समजा ती संध्याकाळी चार किलो भरली. म्हणजे पाचवा हिस्सा पाणी उडालं. मग उरलेले तीन किलो हे सकाळचे पावणेचार, आणि खाल्ला तो सव्वा किलो. एक जास्तीची जुडी बांधायचा कंटाळा केला, तर वहीत रोज पाऊण किलो खोटं खाणं चढत जातं आणि गोरिला का वाळतोय ते कुणाला कळत नाही.

ताटाबद्दल इतकी घासाघीस होते ती हृदयामुळे. बंदिवासातल्या प्रौढ नरांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदयरोग आहे. माणसाच्या धमन्या तुंबतात तसा हा प्रकार नाही. गोरिलाच्या हृदयाच्या स्नायूत हळूहळू तंतुमय, ताठर ऊतक भरत जातं आणि पंप करण्याची ताकद कमी होते. याचं एकच एक कारण हाती लागलेलं नाही. संशयितांत आहार, आतड्यातले जिवाणू, रक्तदाब आणि बैठं आयुष्य असे सगळे आहेत. पश्चिमेकडचे गोरिला जंगलात अफ्रामोमम नावाची वनस्पती आवडीने खातात. ती आलं-वेलदोड्याच्या कुळातली, जिवाणूरोधक गुणांची, आणि प्राणिसंग्रहालयांतल्या ताटात ती नव्हती, म्हणून तिच्यावरही अभ्यास चालू आहे. अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात २०१० मध्ये सुरू झालेला ‘ग्रेट एप हार्ट प्रोजेक्ट’ अनेक संग्रहालयांतल्या नोंदी एकत्र करतो, कारण एकेका संस्थेकडे गोरिला असतात पाच-सहा आणि तेवढ्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

निदानच अवघड. भूल द्यावी तर तिच्या औषधांनी रक्तदाब आणि ठोके बदलतात, म्हणजे जे मोजायचं तेच बिघडतं. शिवाय आधीच दुबळं हृदय भुलीत दगा देऊ शकतं. घशाजवळच्या हवेच्या पिशव्यांत संसर्ग असेल तर तिथला पू फुप्फुसात उतरण्याची भीती वेगळी. म्हणून गोरिलाला जागेपणी, त्याच्या मर्जीने तपासायचं. अटलांटातल्या ओझी नावाच्या नराने २००९ मध्ये स्वतःहून हात पुढे करून रक्तदाब मोजू दिला. असं करणारा तो पहिला गोरिला. तो २०२२ मध्ये, ६१ वर्षांचा होऊन गेला.

जाळीआडून हृदयाची सोनोग्राफी कशी शिकवतात ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. काठीच्या टोकाला लावलेल्या चेंडूला स्पर्श केला की शिट्टी, शिट्टीमागोमाग द्राक्षाचा तुकडा: इथून सुरुवात. मग तो चेंडू जाळीवर अशा जागी धरायचा की त्याला टेकायला छातीच पुढे यावी. दोन्ही हात वर, जाळीच्या सळ्यांवर. हात दिसत असले म्हणजे कीपर निर्धास्त. आता छातीला मऊ बोळा लावलेली काठी, पुढे बंद यंत्राचा प्रोब, म्हणजे छातीला टेकवायचा भाग, मग जेल, आणि शेवटी चालू यंत्र. जेल कोमट करून घ्यावं लागतं. थंड जेलच्या एका स्पर्शाने कित्येक आठवड्यांची मेहनत मागे जाते. जाळीतली फट प्रोब आत जाईल पण गोरिलाचा हात बाहेर येणार नाही एवढीच हवी. माणसाला डाव्या कुशीवर झोपवून हे चित्र घेतात, गोरिला बसलेला असतो. त्यामुळे हृदय नीट दिसायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो स्थिर राहायला हवा. पहिल्या दिवसांत तो दोन सेकंद टेकतो. तिथून मिनिटांपर्यंत जायला महिने लागतात.

बिघडतं कुठे? घाईत. दोन सेकंद जमले म्हणून दुसऱ्या दिवशी वीस मागितले की गोरिला पाठ फिरवून बसतो. कळपात भांडण लागलं तर मुखिया नर सगळं टाकून तिकडे धावतो, त्यात त्याची चूक काहीच नाही. आणि सोनोग्राफीला आलेला डॉक्टर अनोळखी असेल तर तो दिवस वाया गेलाच समजा. डॉक्टरने आधी काही वेळा नुसतं येऊन शेजारी उभं राहायचं असतं. बक्षिसाची द्राक्षं त्या दिवसाच्या ताटातून वजा करायची, हे बऱ्याच ठिकाणी विसरतात.

दुसरा न सुटलेला प्रश्न नरांचा. पिल्लं जन्मतात निम्मे नर, निम्म्या माद्या, पण कळपात मुखिया नर बहुधा एकच. उरलेल्यांनी जायचं कुठे? म्हणून नुसत्या नरांचे गट करतात, थाबो-डेम्बासारखे. नर वयात येण्याआधी एकत्र वाढले तर गट टिकण्याची शक्यता जास्त. पाठ रुपेरी झालेले, म्हणजे पूर्ण वाढलेले, एकमेकांना अनोळखी दोन नर एकत्र सोडणं म्हणजे शस्त्रक्रियेची तयारी आधीच करून ठेवणं. युरोपात काही लहान नरांचं खच्चीकरण करून त्यांना कळपातच राहू देण्याचा मार्गही वापरला गेला आहे. त्याच्याबद्दल परिषदांत एकमत होत नाही, आणि ते न होणंच बरं. कुठल्याही जागेत मात्र एक नियम पक्का: प्रत्येक खोलीला दोन दारं. मार खाणाऱ्याला पळायला वाट नसेल अशा खोलीत गोरिला ठेवायचा नाही.

आता जंगल. प्राणिसंग्रहालय आणि जंगल यांना जोडणारा सर्वांत थेट दुवा म्हणजे आपला खोकला. २०२१ च्या जानेवारीत सॅन डिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना कोविड झाला, बहुधा कर्मचाऱ्याकडून. त्याआधी, २००९ मध्ये, रवांडातल्या हिरवा नावाच्या कळपात माणसाकडून आलेल्या मेटान्यूमोव्हायरसने एक मादी आणि एक पिल्लू मेलं होतं. आपल्याला ज्याने नुसती सर्दी होते, असा हा विषाणू. म्हणूनच पर्यटकांना आता मास्क लावावा लागतो, अंतर ठेवावं लागतं, आणि भेट तासाभराची.

मग माणसांनी तिकडे जाऊच नये का? आकडे वेगळं सांगतात. रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगरांतल्या पर्वतीय गोरिलांच्या १९६७ ते २००८ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांची सवय झालेले, रोज पहारा आणि गरजेला पशुवैद्य मिळणारे कळप वर्षाला ४.१ टक्क्यांनी वाढले. सवय नसलेले कळप ०.७ टक्क्यांनी घटले. यातल्या फरकाचा मोठा वाटा पशुवैद्यांच्या कामाचा निघाला: हरणासाठी लावलेल्या फासात अडकलेला हात सोडवणं, श्वसनाच्या आजारात प्रतिजैविकाचा बाण मारणं. विरुंगात १९८१ मध्ये २५४ गोरिला मोजले गेले होते. पुढे २०१९ पर्यंतच्या मोजण्यांत विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडी मिळून पर्वतीय गोरिला १,०६३ भरले, आणि २०१८ मध्ये त्यांची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ झाली. ज्यांच्यामागे इतकी माणसं लागलेली नाहीत, त्या बाकीच्या तिन्ही उपजाती अजून अतिसंकटग्रस्तच आहेत. त्यातल्या काँगोतल्या ग्रॉअर गोरिलाच्या, म्हणजे पूर्वेकडच्या जातीच्या दुसऱ्या उपजातीच्या, जंगलात कोल्टनच्या खाणी आहेत, आपल्या मोबाइलमधलं टँटलम ज्यातून निघतं ते खनिज.

तर बडोद्यात गोरिला आणावा का? आमच्या मते नाही. म्हैसूरचा पोलो नावाचा गोरिला १९९५ मध्ये डब्लिनहून आला आणि २०१४ मध्ये मेला. त्याच्या शेवटच्या कित्येक वर्षांत सोबत कुणीच नव्हतं. एकटा गोरिला ठेवणं आज कुठलीही जबाबदार संस्था मान्य करणार नाही. कळप ठेवायचा तर ४२ अंशांच्या दुपारी सगळ्यांना आत थंडाव्यात ठेवण्याची सोय हवी, पाल्याची स्वतःची बाग हवी, आणि वीसेक वर्षं न बदलणारे कीपर हवेत. इमारत एका अंदाजपत्रकात बसते, कीपर बसत नाही.

मात्र या परिषदांतलं बरंचसं ज्ञान गोरिलाशिवायही वापरता येतं, आणि ते कुठल्याही प्राणिसंग्रहालयात उद्या सुरू करता येईल. माकडाला वजनकाट्यावर चढून बसायला शिकवायला एक काटा, एक शिट्टी आणि रोजची दहा मिनिटं पुरतात. पाल्याची जास्तीची जुडी फुकट आहे. दर सोमवारचं वजन आणि रोजचा पाला एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहिले की दोन महिन्यांत दिसायला लागतं कोण कशावर जाड होतंय. बहुतेक वेळा उत्तर जाळीतून टाकलेल्या शेंगदाण्यांत सापडतं.