बोळकं तोंड हा म्हातारपणाचा नियम नव्हे

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपल्यात इतकी मुरली आहे की म्हातारपणी तोंडाचं बोळकं होणारच, असं आपण धरूनच चालतो. केस पिकतात तसे दात पडतात, एवढंच. खरं तर दात पडतात ते मुख्यतः कीड आणि हिरड्यांच्या आजारामुळे. वय वाढेल तसं हे नुकसान साठत जातं, म्हणून दोष वयाच्या माथी जातो.

तोंडाचा बाकीच्या शरीराशी संबंध आहे, ही कल्पना जुनीच. चरकसंहितेच्या दिनचर्येत दंतधावन, जीभ खरवडणं, तेलाच्या गुळण्या हे सगळं आहे. आधुनिक वैद्यकात तिला जोर आला तो १८९१ मध्ये. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी मांडलं, की तोंडातले जंतू शरीरात इतरत्र जाऊन आजार निर्माण करू शकतात. १९१० मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या भाषणात दातांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्यांखाली साचणाऱ्या पुवावर कडाडून टीका केली. त्यानंतर जे झालं ते वाचताना आजही वाईट वाटतं. सांधेदुखी असो की मनोविकार, उपाय एकच : दात काढा. कितीतरी रुग्णांचे धडधाकट दातही उपटले गेले. १९३८ मध्ये संधिवाताच्या २०० रुग्णांच्या पाहणीत याचा फायदा दिसला नाही आणि हा सिद्धांत मागे पडू लागला.

पण त्याबरोबर मूळ प्रश्नही बाजूला पडला. तोंड दंतवैद्याचं, बाकी शरीर डॉक्टरचं, अशी वाटणीच झाली. त्याची किंमत म्हाताऱ्यांनी मोजली, असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कवळ्या फुकट मिळायच्या. मागणी इतकी वाढली की १९५१ मध्ये त्यांना शुल्क लावावं लागलं. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही दात नव्हता.

१९८९ हे वळणाचं वर्ष. फिनलंडमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्यांची दातांची अवस्था इतरांपेक्षा वाईट असल्याचं दिसलं. हिरड्यांच्या आजारामुळेच झटका येतो असं त्यातून सिद्ध झालं नाही, आजही झालेलं नाही. पण बंद पडलेली चर्चा पुन्हा उघडली. त्याच वर्षी जपानने ‘८०२०’ मोहीम सुरू केली : ८० व्या वर्षी स्वतःचे किमान २० दात. एवढे दात असले की बहुतेक पदार्थ चावता येतात, असा त्यामागचा हिशेब. सुरुवातीला हे लक्ष्य गाठणारे दहांत एक जेमतेम होते. २०१६ च्या पाहणीत ते निम्म्याहून अधिक निघाले.

जपानमधलीच आणखी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेल्या अभ्यासात काही वृद्धांचं तोंड जेवणानंतर कर्मचारी घासून देत, बाकीच्यांचं नेहमीसारखंच चाले. पहिल्या गटात ११ टक्के जणांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्यात १९ टक्के. झोपेत लाळ श्वासनलिकेत उतरते आणि तोंडातले जंतू सोबत नेते. गिळण्याची ताकद कमी झालेल्या म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही. दात मुळीच नसलेल्यांनाही या स्वच्छतेचा फायदा झाला. मधुमेहाचं नातं तर दुहेरी आहे : साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि सुजलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

आपल्याकडे हिरड्यांच्या या दुखण्याला मशेरीची जोड आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांनी दात घासायची म्हणून वर्षानुवर्षं हिरड्यांना लावली. त्या आता आज्या झाल्या आहेत. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आला तो २०१४-१५ मध्ये. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की औषधांच्या वेळा, अंग पुसणं, कूस बदलणं हे सगळं ठरतं. रात्री कवळी काढून धुवायची, हिरड्या आणि जीभ ओल्या फडक्याने पुसायची, हे मात्र क्वचितच कुणाच्या वाट्याला दिलेलं असतं.