हैतीचा वोदू: झाडपाला आणि पाण्याखालचे पूर्वज

वोदू हा कॅरिबियनमधल्या हैती देशातला धर्म. तिथल्या खेड्यात कुणी आजारी पडले की आधी एक गोष्ट ठरवतात. हे 'मालादी बोंद्ये', म्हणजे देवाच्या घरचे साधे दुखणे आहे, की कुणीतरी मुद्दाम धाडलेले? ताप, जुलाब, मुरगळलेला पाय यांना 'दोक्ते फेय', म्हणजे पानांचा वैद्य पुरतो. औषधाने उतार पडत नाही किंवा दुखणे पुन्हापुन्हा उलटते, तेव्हा उंगान (पुजारी) किंवा मांबो (पुजारीण) यांच्याकडे जातात. दुर्लक्षित राहिलेल्या पितरांनी किंवा घराण्याच्या 'ल्वा'ने, म्हणजे दैवताने, आठवण करून दिली आहे का, ते तिथे पाहिले जाते. सिनेमातल्या टाचण्या टोचलेल्या बाहुल्यांचा या सगळ्याशी संबंध नाही.

'वोदू' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या फोन लोकांच्या भाषेतला. दाहोमे राज्यात, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये, त्याचा अर्थ दैवत असा होता. 1697 मध्ये हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग, म्हणजे आजचा हैती, अधिकृतपणे फ्रान्सकडे गेला आणि ऊस-कॉफीच्या मळ्यांसाठी फोन, योरुबा, काँगो अशा निरनिराळ्या लोकांना गुलाम करून तिथे आणले गेले. 1685 च्या फ्रेंच गुलामी कायद्याने त्यांचा बाप्तिस्मा सक्तीचा होता. म्हणून जुनी दैवते संतांच्या तसबिरींत वस्तीला आली. संत पॅट्रिकच्या पायाशी साप असतात, तो नागरूपी दांबाला ठरला. वेगवेगळ्या मुलखांची दैवते 'नांशों', म्हणजे राष्ट्रांच्या गटांत बसवली गेली. त्यांतल्या रादा गटाचे नाव आलादा या आफ्रिकी नगरावरून आले.

मळ्यांवरच्या दवाखान्यांत शुश्रूषा गुलाम स्त्रियाच करत. पानांची पारख त्यांना होती, आणि मालकांना धास्ती वाटे ती याच ज्ञानाची, कारण औषध जाणणारा विषही जाणतो. विषप्रयोगांच्या आरोपावरून माकांदाल या पळून गेलेल्या गुलामाला 1758 मध्ये जिवंत जाळले. 1764 मध्ये कृष्णवर्णीयांना वैद्यकी आणि शस्त्रक्रिया करण्यास मनाई झाली. तरीही ही विद्या टिकली, कारण दुसरा वैद्य गुलामांच्या वाट्याला येतच नव्हता. ऑगस्ट 1791 मध्ये ब्वा काइमान इथल्या विधीनंतर गुलामांचा उठाव पेटला, असे परंपरा सांगते. 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला.

पुढे 1860 पर्यंत व्हॅटिकनशी करार नव्हता, त्यामुळे पाद्री थोडे होते. त्या काळात वोदूने 'लाकू'त मूळ धरले. लाकू म्हणजे एका कुळाची घरे, सामाईक अंगण, दैवतांची जागा आणि त्याच जमिनीतली पुरलेली माणसे.

मृत्यूनंतरचे विधी हा या परंपरेचा कणा आहे. आधी 'देसूनेन': प्रेताजवळ बसून उंगान मृताच्या डोक्यात वसलेल्या ल्वाला आणि आत्म्याला देहापासून सोडवतो. मग आत्मा पाण्याखाली राहतो. वर्ष आणि एक दिवस उलटल्यावर त्याला विधिपूर्वक पाण्यातून वर बोलावतात आणि 'गोवी' नावाच्या मातीच्या घटात बसवतात. त्यानंतर तो पूर्वज म्हणून घराला सल्ला देऊ शकतो. खर्च मोठा असल्याने कुटुंबे हा विधी वर्षानुवर्षे लांबवतात, आणि पुढे घरात दुखणे आले की पहिली शंका त्याचीच येते. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर हजारो प्रेते ओळख न पटवता सामूहिक खड्ड्यांत पुरली गेली. वोदूचे तेव्हाचे प्रमुख माक्स बोव्वार यांनी त्याला जाहीर विरोध केला तो याचसाठी.

पानांचे शास्त्र मात्र अगदी हाताशी धरता येण्यासारखे आहे. स्नानासाठी ताजी पाने सहसा उकळत नाहीत. थंड पाण्यात हातांनी चुरतात. ते पाणी अंगावरच वाळू देतात आणि स्नान 3 किंवा 7 दिवस चालते. 'आसोरोसी' म्हणजे आपले कारलेच. त्याच्या वेलीचा कडू काढा तापावर देतात. पण हैतीतला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो आणि काढ्यावर विसंबून दिवस घालवले तर तो मेंदूत जातो. गर्भवतीला हा काढा देऊ नये, आणि मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेतल्यास साखर फार खाली येते. 'ल्वील मास्क्रिती' हे एरंडेल: बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर तरंगणारे तेल काढून घ्यायचे. बियांतले विष तेलात उतरत नाही, चोथ्यात राहते आणि उष्णतेने नष्ट होते. कच्ची बी चावून खाणे मात्र जिवावर बेतू शकते.

स्वतंत्र देशानेही या परंपरेला सुखाने राहू दिले नाही. 1835 च्या दंडसंहितेत जादूटोण्याच्या नावाखाली तिला गुन्हा ठरवले. 1935 मध्ये 'अंधश्रद्धा' विरोधी नवा कायदा आला. 1941-42 मध्ये चर्चच्या मोहिमेत ढोल आणि पूजास्थाने जाळली गेली. लोकांकडून वोदू सोडल्याची शपथ घेतली गेली. 1987 च्या राज्यघटनेने 1935 चा तो कायदा रद्द केला आणि 2003 मध्ये वोदूला धर्म म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे वोदूच्या बाप्तिस्म्याला आणि विवाहाला कायदेशीर वजन आले.

मान्यतेने जीव मात्र वाचले नाहीत. ऑक्टोबर 2010 मध्ये कॉलरा पसरला. त्यात काही तासांत शरीरातले पाणी संपते. झाडपाल्याने भागत नाही, क्षार-साखरेचे पाणी किंवा सलाइनच लागते. रोगाचा दोष गावांनी वोदूवाल्यांवर टाकला, ते विषारी भुकटी पसरवतात असे म्हणून, आणि वर्ष संपेपर्यंत जमावांनी किमान 45 जणांना ठार मारले. रोगाचे जंतू संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतल्या मैल्यातून नदीत उतरले होते. त्या उद्रेकातली आपली भूमिका संयुक्त राष्ट्रांनी मान्य केली ती 2016 मध्ये.