रक्त पातळ करायची गोळी आणि हळदीची कॅप्सूल

माझ्या काकूच्या फ्रिजला एक छोटी वही दोऱ्याने टांगलेली असते. बारा वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून मेकॅनिकल बसवली, तेव्हापासून ती ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी घेते, सोम-बुध-शुक्र दोन मिलिग्रॅमची आणि बाकीचे दिवस तीनची, आणि दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट, वेळ जास्त तर आकडा जास्त) करून आकडा वहीत लिहिते. २.८, ३.०, २.७, ३.१ असं पानंच्या पानं चाललेलं. गेल्या पावसाळ्यात मात्र एकदम ५.९ आला. मनगटावर बांगड्या घासतात तिथे निळे डाग पण दिसायला लागले होते. डॉक्टरांनी विचारलं काही नवीन औषध सुरू केलंत का, ती म्हणाली नाही हो, काहीच नाही. घरी आल्यावर चुलत बहिणीला डायनिंग टेबलावर एक डबी सापडली, गुडघेदुखीसाठी हळदीच्या कॅप्सूल, दोन वेळा, तीन आठवड्यांपासून चालू. काकू खोटं बोलत नव्हती, तिच्या लेखी हळद हे औषधच नाही, ती तर रोजच्या वरणात असते.

आता एका काकूवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळतं. पण अगदी अशीच गोष्ट २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी जाहीर केली होती, वॉरफेरिनवर (ॲसिट्रॉमच्याच जातीची गोळी) छान स्थिर असलेल्या एका पेशंटने हळदीचं सप्लिमेंट सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर १० च्या वर गेला. (साधा माणूस म्हणजे १ च्या आसपास, वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉमवर बहुतेकांचं टार्गेट २ ते ३, काकूसारख्या मायट्रल झडपवाल्यांचं थोडं जास्त, साडेतीनपर्यंत.) १० म्हणजे कुठेही, अगदी मेंदूतसुद्धा, रक्तस्राव होऊ शकतो.

या सगळ्या गोंधळाचं मूळ मला 'रक्त पातळ करायची गोळी' या शब्दात दिसतं. या गोळीने रक्त पातळ वगैरे काही होत नाही, ते तितकंच दाट राहतं, फक्त गोठायला वेळ लागतो. पण शब्द तसा पडला की माणूस पुढचा हिशोब आपोआप करतो, की लसूण पण रक्त पातळ करते, आलं पण करतं, मग दोन्ही घेतलं तर चांगलंच, किंवा गोळीऐवजी लसूणच का नको. असे फॉरवर्ड मी स्वतः वाचलेत, आणि दर वेळी जीव कासावीस होतो, कारण मेकॅनिकल झडपवाल्याने गोळी सोडली तर झडपेवर गुठळी बसून ती अडकू शकते नाहीतर गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते. लसणीने ते थांबत नाही. का थांबत नाही ते समजायला गोळी नेमकं काय करते ते बघावं लागेल, आणि तोच भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे थोडा लांबणार आहे.

आपलं लिव्हर रक्त गोठवणारी प्रथिनं बनवतं, त्यातली चार (२, ७, ९ आणि १० नंबरचे फॅक्टर) बनून तयार झाली तरी कामाची नसतात. त्यांच्या एका टोकाला ग्लुटामिक आम्ल दहा-बारा ठिकाणी असतं, तिथे प्रत्येकी एक कार्बन डायऑक्साइडचा रेणू जोडावा लागतो. तो जोडला की तिथे कॅल्शियम पकडणारा चिमटा तयार होतो, आणि कॅल्शियम धरलं की ते प्रथिन जखमेपाशी जमलेल्या प्लेटलेटच्या पृष्ठभागावर जाऊन घट्ट बसतं. सगळी गोठण्याची साखळी त्या पृष्ठभागावरच चालते. चिमटा नसेल तर प्रथिन नुसतंच रक्तात तरंगत फिरतं, आहे पण उपयोग नाही.

हा चिमटा बसवायला व्हिटॅमिन के लागतं, आणि एक चिमटा बसवला की के चा एक रेणू वापरून होतो, त्याचा इपॉक्साइड बनतो. आता गंमत बघा, आपल्याला दिवसाला जेमतेम १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास के लागतं आणि शरीरात साठा फारच थोडा, मग इतके चिमटे बसतात कसे? तर वापरलेला के फेकला जात नाही, एक एन्झाइम (नाव व्हीकेओआर) त्याला परत पहिल्यासारखा करून देतं, आणि तोच रेणू पुन्हा पुन्हा कामाला येतो. दुधाच्या बाटल्या पूर्वी धुऊन परत भरायचे ना, तसं. वॉरफेरिन आणि ॲसिट्रॉम नेमकं हे बाटल्या धुणारं एन्झाइम अडवतात. लिव्हर प्रथिनं बनवतंच राहतं पण चिमट्याशिवायची. म्हणून परिणाम लगेच दिसत नाही, आधीची चांगली प्रथिनं संपावी लागतात, ७ नंबरचा फॅक्टर सहाएक तासांत अर्धा होतो पण २ नंबरच्याला अडीच दिवसांच्या वर लागतात, त्यामुळे आज डोस बदलला तर खरा फरक चार-पाच दिवसांनी. आणि म्हणूनच कॅप्सूल घेतल्यावर 'दोन दिवस झाले, काही झालं नाही' याला काही अर्थ नाही.

हे औषधच मुळात गवतातून आलंय हे पण सांगायला हवं. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावाने मरायला लागली, सगळ्यांनी बुरशी आलेलं स्वीट क्लोव्हर खाल्लेलं, हे आपल्या मेथीच्या जवळच्या नात्यातलं गवत. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि तो सडका चारा घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथे काही वर्षं खपून त्यांनी त्या चाऱ्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य, डायक्युमेरॉल, वेगळं काढलं, त्याचाच पुढचा भाऊ वॉरफेरिन, जे १९४८ ला उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ ला माणसांसाठी मंजूर झालं. तेव्हा 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं कुणी म्हटलं की मला ती कालवड आठवते.

वनस्पती या गोळीच्या आड तीन वेगळ्या ठिकाणी येतात. पहिलं ठिकाण म्हणजे के स्वतः. झाडाच्या हिरव्या पानात के१ प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतच बसलेलं असतं, म्हणून पान जितकं गर्द हिरवं तितकं के जास्त, १०० ग्रॅम पालकात जवळपास ४८० मायक्रोग्रॅम. भरपूर ताजा के आला की बाटल्या धुवायची गरजच कमी पडते आणि गोळीचा असर उतरतो, आयएनआर खाली येतो. यावरून लोकांनी 'पालक-मेथी बंद' असा नियम करून टाकलाय, तो चुकीचा आहे. भाजी खावी, फक्त दर आठवड्याला साधारण सारखी खावी, डोस त्यावरच बसवलेला असतो. खरा घोळ पाल्याच्या पावडरी आणि 'ग्रीन' मिश्रणांनी होतो, महिनाभर रोज दोन चमचे आणि मग एकदम बंद, यात आकडा आधी खाली आणि नंतर वर.

दुसरं ठिकाण प्लेटलेट. लसूण, आलं, गिंको यांचे अर्क प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत. हे चिमट्यांच्या साखळीपेक्षा निराळं काम आहे, म्हणून लसूण गोळीची जागा घेऊ शकत नाही. आणि धोकादायक भाग असा की यात आयएनआर अगदी नेहमीसारखाच येतो आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढलेला असतो, कारण ती टेस्ट प्लेटलेट मोजतच नाही.

तिसरं लिव्हरमधली सफाई. वॉरफेरिन आणि ॲसिट्रॉम दोन्ही मुख्यतः सीवायपी२सी९ नावाच्या एन्झाइमकडून मोडली जातात. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती (अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येणाऱ्या 'मूड'च्या डब्यांत बघा) लिव्हरला हे एन्झाइम जास्त बनवायला लावते, गोळी लवकर संपते, गुठळीचा धोका. उलट काही गोष्टी सफाई मंदावतात आणि गोळी साठत जाते.

हळदीचं गणित इथे करून बघा. भाजी-वरणात माणशी दिवसाला अर्धा चमचा हळद जरी धरली (खरं तर इतकी जात नाही) तरी ती दीड ग्रॅम, त्यात करक्युमिन (हळदीतला मुख्य घटक) ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. काकूच्या डबीवर लिहिलेलं ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के करक्युमिनॉइड, दोन वेळा, म्हणजे ९५० मिलिग्रॅम, वीसपट. आणि खाली बारीक अक्षरात मिरीचा अर्क. मिरीतलं पायपरिन आतड्यातली आणि लिव्हरमधली सफाई अडवतं, १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं करक्युमिन वीसपट होतं. कंपन्या हीच गोष्ट डबीवर अभिमानाने छापतात. पण पायपरिन फक्त करक्युमिनचीच वाट मोकळी करत नाही, दुसऱ्या औषधांची सफाई पण त्याने बदलू शकते. वरणातल्या हळदीला घाबरायचं कारण नाही, फोडणीतल्या चार पाकळ्या लसणीला पण नाही. डबीतला अर्क ही वेगळी वस्तू आहे.

मग करायचं काय, तर काढा, चूर्ण, कॅप्सूल, रस, काहीही सुरू करायच्या आधी डबीचा मागच्या बाजूचा फोटो डॉक्टरांना दाखवायचा, वैद्यांकडे जात असाल तर त्यांनाही ॲसिट्रॉम चालू आहे हे सांगायचं. डॉक्टर हो म्हणाले तरी सुरू केल्यावर आठवड्याभरात आयएनआर, आणि बंद केल्यावर पुन्हा एकदा, बंद करणं हासुद्धा बदलच असतो. काकूच्या वहीत आता चौथा रकाना आहे, 'नवीन काय', त्यात खोकल्याचा काढासुद्धा लिहिला जातो आणि तापात चार दिवस जेवण गेलं तेही. दात काढायचा असेल तर डेंटिस्टला गोळीबरोबर या गोष्टी पण सांगा. स्वतःच्या मनाने गोळी मात्र कधीच बंद करू नका.

एपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नवीन गोळ्यांवर असलेल्यांना वाटतं आपल्याला हे काही नाही, आयएनआर पण करावा लागत नाही. पण त्यांचीही सफाई सेंट जॉन्स वर्टने वाढते, प्लेटलेटवाला परिणाम तर होतोच, आणि महिन्याची टेस्ट नसल्यामुळे काही बिघडलं तर वहीत दिसणार नाही, अंगावरच दिसेल. हिरड्यांतून रक्त, विनाकारण निळे डाग, लालसर लघवी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डांबरासारखी काळी शी झाली किंवा डोक्याला मार लागला तर, वरून काही दिसत नसलं तरी, थेट हॉस्पिटल गाठा, आणि जाताना सगळ्या डब्या पिशवीत घालून सोबत न्या.