वजीर मारायलाही सात सेकंद?

"मामा, हा माणूस नाही खेळून राहिला."

मनीष नगरातल्या आमच्या घरी, सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलेला बारा वर्षांचा भाचा ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव हरता हरता बोलला. हरणारा असंच म्हणतो, म्हणून मी हसलो. पण त्याची तक्रार चालींबद्दल नव्हती, घड्याळाबद्दल होती. भाच्याने वजिराने वजीर मारला. उलट मारण्यावाचून समोरच्याला गत्यंतर नव्हतं, तरी त्याने सात सेकंद घेतले. पुढे घोड्याचा अवघड बळी दिला, तोही सात सेकंदांतच.

पोराने नेमकं बोट ठेवलं होतं. माणूस उघड चाल झटकन खेळतो आणि अडला की डोकं धरून बसतो. शेजारच्या खिडकीत इंजिन, म्हणजे चाल सुचवणारा संगणकाचा प्रोग्रॅम, लावून बसलेल्याचं तसं नसतं: चाल तिकडे टाका, उत्तर बघा, इकडे येऊन खेळा. सोपं असो की कठीण, फेरी तेवढीच.

डीप ब्लू या संगणकाने तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं १९९७ साली, तेही खास बांधलेल्या महासंगणकावर. आज स्टॉकफिश हे फुकट मिळणारं इंजिन साध्या फोनवरही जगज्जेत्याला भारी पडतं. चोर पकडायलाही इंजिनच लागतं. खेळलेल्या चालीमुळे पटाची किंमत किती घसरली, हे ते प्याद्याच्या शंभराव्या भागात सांगतं. मात्र सगळ्या चाली धरायच्या नसतात. पाठ केलेली सुरुवात वगळायची, जिथे एकच चाल शक्य होती ती जागाही वगळायची. उरलेल्या चालींत या रेटिंगचा, म्हणजे निकालांवरून ठरलेल्या या ताकदीच्या आकड्याचा, खेळाडू इंजिनाशी किती जुळायला हवा, आणि हा किती जुळला? अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातले केनेथ रीगन स्वतः इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या खालोखालचा किताब मिळवलेले, आहेत; त्यांनी या तुलनेचं गणित बसवलं.

फरक मोजतात प्रमाण विचलनात, म्हणजे आकडे सरासरीपासून एरवी जेवढे इकडेतिकडे होतात त्या मापात. तीन विचलनं म्हणजे पुष्कळ वाटतं. पण लाखभर प्रामाणिक खेळाडू तपासले, तर निव्वळ योगायोगाने त्यातले सुमारे १३५ जण ती रेषा ओलांडतील. पाच विचलनांचा योगायोग मात्र ३५ लाखांत एखादाच. म्हणून एका झकास डावावरून कुणाला चोर म्हणू नये.

लहान मुलांच्या बाबतीत तर नाहीच. त्यांचा खेळ पुढे पळतो, रेटिंग मागून येतं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, तोवर तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे स्पर्धेतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिरीची नोंद, नव्हता!

अडाणी चोर सापडतोच. २०२१ मध्ये विश्वनाथन आनंदला ऑनलाइन प्रदर्शनी डावात हरवणाऱ्या एका उद्योजकाने दुसऱ्याच दिवशी संगणकाची मदत घेतल्याचं कबूल केलं. खरी डोकेदुखी वेगळी आहे. चांगला खेळाडू अख्ख्या डावात एकदाच इंजिनाकडे बघतो. त्याला चालही नको असते. 'इथे काहीतरी आहे' एवढी कुणकुण पुरते, बाकीचं तो स्वतः शोधतो. अशा एका चालीतून आकडेवारीला काय दिसणार? मग शेकडो डाव, घड्याळाच्या नोंदी, खिडकी कितीदा बदलली, हे सगळं एकत्र तपासावं लागतं.

चौथ्या दिवशी भाच्याला साइटचा निरोप आला: तुमच्या एका प्रतिस्पर्ध्याने नियम मोडले, रेटिंगचे नऊ गुण परत. नाव नव्हतं, डावही सांगितलेला नव्हता. भाचा म्हणतो, तोच तो सात सेकंदवाला. मी त्या आठवड्यातले त्याचे हरलेले डाव मोजले. तेरा होते.